तिरीप कुणाच्या नावावर? व्ही. के. मूर्ती यांचं छायालेखन

मागच्या रांगेतल्या मंडळींना पडदा नीट दिसतोय ना? बाजूचे दिवे आम्हीच बंद करायला सांगितलेत. आजचा विषयच असा आहे की थोडा अंधार केल्याशिवाय त्यावर बोलता येणार नाही. (हशा)

सुरुवात एका प्रश्नाने करू. 'कागज के फूल'मधलं ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. रिकामा स्टुडिओ आहे. वरून तिरकी खाली उतरणारी प्रकाशाची एक जाड तिरीप आहे आणि त्या अंधाऱ्या जागेत एकमेकांपासून दूर उभे असलेले वहिदा रेहमान आणि गुरुदत्त. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे पाहिलेलं असणार. गाणं गीता दत्तचं, हे आपल्याला माहीत असतं. चाल सचिनदेव बर्मन यांची, शब्द कैफी आझमींचे, हेही माहीत असतं. आणि ती तिरीप? तिरीप कुणाची?

आम्ही हा प्रश्न जिथे जिथे विचारला, तिथे बहुतेक वेळा एकच उत्तर आलं : "गुरुदत्तची."

हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. ते आपल्याला का पुरतं, हा आजच्या बोलण्याचा खरा विषय आहे. गाण्याच्या बाबतीत आपण गायक, संगीतकार, गीतकार अशी नीट वाटणी करतो. रेडिओवर निवेदक तीन-तीन नावं घेत असे, त्यातून आपल्या कानांना ती शिस्त लागली. डोळ्यांना अशी शिस्त कुणी लावलीच नाही. जे दिसतं ते सगळं आपण दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा करून मोकळे होतो.

तर ज्यांच्या नावावर या तिरिपेचा निदान अर्धा सातबारा लागायला हवा, ते व्ही. के. मूर्ती. जन्म २६ नोव्हेंबर १९२३चा, म्हैसूरचा. बंगलोरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायालेखनाचा अभ्यासक्रम होता, तो त्यांनी १९४६मध्ये पुरा केला. व्हायोलिन वाजवायचे. मग मुंबईला आले आणि फली मिस्त्री यांच्याकडे उमेदवारी केली. फली मिस्त्री म्हणजे नटनटीचा चेहरा उजळावा कसा यातले उस्ताद. पुढे 'गाइड' त्यांनीच चित्रित केला. म्हणजे मूर्तींचा पाया दुहेरी आहे. शाळेत शिकलेलं शास्त्र आणि स्टुडिओत उस्तादाच्या हाताखाली शिकलेली कारागिरी.

आता 'छायालेखन' या शब्दापाशी जरा थांबू या. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ गतीचं लेखन असा आहे. आपल्या जुन्या मराठी श्रेयनामावल्यांत मात्र 'छायालेखन' असं येतं. छाया! ज्याने कुणी हा शब्द रूढ केला त्याला बहुधा फोटोग्राफीच म्हणायची होती, पण नकळत तो फार खरं बोलून गेला. दिवे लावणं तुलनेने सोपं असतं. कुठे सावली ठेवायची हे ठरवणं अवघड. मूर्तींकडे पाहताना आपण तीन साधे प्रश्न हाताशी ठेवू. प्रकाश कुठून येतोय? कुणावर पडतोय? आणि कुणाला वगळतोय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

मूर्ती आणि गुरुदत्त भेटले ते 'बाजी'च्या वेळी, १९५१मध्ये. गुरुदत्त तेव्हा पंचविशीत, दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा. त्यांची आधीची शाळा आपल्या पुण्याची. प्रभातमध्ये ते नृत्यदिग्दर्शक आणि सहायक म्हणून राहिले, विश्राम बेडेकरांच्या 'लाखारानी'त सहायकही होते, आणि देव आनंदशी मैत्र जुळलं ते तिथेच. 'बाजी'चे छायालेखक होते व्ही. रात्रा, मूर्ती त्यांचे सहायक. क्लबमधल्या एका गाण्यात आरशाचा आधार घेऊन कॅमेरा फिरवायचा एक अवघड शॉट मूर्तींनी सुचवला. गुरुदत्तना तो आवडला आणि तो मूर्तींनीच घ्यावा असं ठरलं. दिवसअखेर गुरुदत्तनी सांगितलं, पुढचा सिनेमा आपण दोघांनी करायचा. ही हकीकत मूर्ती पुढे अनेक मुलाखतींतून सांगत. आणि तसंच झालं. 'जाल', 'बाज', 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'प्यासा', 'कागज के फूल', 'साहिब बीबी और गुलाम'. मध्ये गुरुदत्तनी निर्माण केलेला, राज खोसला यांनी दिग्दर्शित केलेला 'सी. आय. डी.'ही आहे. १९५२ ते १९६२, दहा वर्षं.

या दहा वर्षांत काय घडलं? सुरुवातीचे सिनेमे गुन्हेगारीचे, हलकेफुलके. तिथे अंधार हा कथानकाच्या सोयीचा. जुगाराचा अड्डा आहे, रात्रीचा रस्ता आहे, चोर आहे, तर अंधार असणारच. अमेरिकन गुन्हेपटांतही तो तसाच होता आणि आपल्याकडे तो आला तिथूनच. मूर्तींचं वेगळेपण हे, की हा चोर-पोलिसांचा अंधार त्यांनी उचलला आणि कवीच्या आयुष्यात आणून ठेवला. 'प्यासा'त (१९५७) गुन्हेगार कुणीच नाही, तरी प्रकाशयोजना गुन्हेपटाची. विजय हा कवी शहरातून असा वावरतो जणू पोलीस त्याच्या मागावर आहेत. त्याचा गुन्हा काय? कविता करतो आणि पैसे मिळवत नाही. हे संवादात कुणी बोलून दाखवत नाही, सावल्या बोलतात.

('प्यासा'मधला सभागृहाच्या दाराचा प्रसंग दाखवण्यात आला.)

आत्ता पाहिलंत ते दृश्य. विजय मेला असं समजून त्याची पुण्यतिथी साजरी होते आहे. सभागृह भरलेलं आहे. आणि ज्याच्यासाठी सभा भरली तोच दारात उभा. हात चौकटीला टेकलेले, उजेड पाठीमागून येतोय, त्यामुळे आकृती काळी. कुणीही पाहिलं तर क्रुसावरचा ख्रिस्त आठवतो आणि बहुतेक समीक्षकांनी तेच लिहिलंय. पण आम्हाला त्याहून साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. उजेड विजयच्या *मागे* आहे. हिंदी सिनेमाचा तेव्हाचा नियम काय? नायक आला की त्याच्या चेहऱ्यावर दिवा. लोक चेहरा बघायला पैसे देतात. इथे नायकाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी त्याचा चेहरा काढून घेतला आहे. का? कारण सभागृहातल्या लोकांना विजयचा चेहरा नकोच आहे, त्यांना मेलेला कवी हवाय. मग छायालेखकाने त्यांना हवं ते दिलं : एक आकृती, चेहरा नसलेली.

हे दृश्य कथेत असं लिहिता येत नाही. पटकथेत फार तर 'विजय दारात उभा आहे' इतकं असेल. पाठीमागून किती उजेड घ्यायचा, पुढून किती द्यायचा, चेहरा पूर्ण बुडवायचा की डोळ्यांत एक ठिपका ठेवायचा, हा निर्णय दिव्यांचा आहे. आणि तो निर्णय चुकला असता तर तेच दृश्य नाटकी झालं असतं.

इथे जरा कोलकात्याला जाऊन येऊ या, म्हणजे मूर्ती काय करत नव्हते तेही कळेल. 'प्यासा'च्या एकच वर्ष आधी, १९५६मध्ये, सत्यजित राय यांचा 'अपराजितो' आला. छायालेखक सुब्रत मित्र, वय अवघं पंचविशीचं. काशीतल्या जुन्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं होतं. अशा घरात उजेड वरच्या मोकळ्या आकाशातून येतो, त्याला ठरावीक दिशा नसते, सावल्या मऊ असतात. स्टुडिओचे दिवे सरळ मारले तर हे जमणार नाही. मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणून बांधलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतून आलेल्या उजेडात शूटिंग केलं. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटतं, हे खरंच काशीचं घर.

म्हणजे एकाच काळात, एकाच देशात, दोन तरुण माणसं दोन विरुद्ध टोकांना उभी होती. मित्र यांची खटपट अशी, की दिवा लावलाय हे कळताच कामा नये. मूर्तींचं म्हणणं असं, की दिवा हाच प्रसंग आहे, तो कळलाच पाहिजे. एकाचा प्रकाश त्या *जागेचा* आहे. दुसऱ्याचा त्या *माणसाच्या अवस्थेचा*. समांतर सिनेमाच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना पहिला मार्ग प्रामाणिक वाटतो आणि दुसरा जरा दिखाऊ. आम्हालाही बरीच वर्षं तसं वाटत होतं. आता नाही वाटत. संगीत नाटकात पात्र बोलता बोलता पद म्हणू लागतं तेव्हा आपण म्हणतो का, की हे अवास्तव आहे? पद म्हणजे बोलण्याची तीव्र अवस्था. मूर्तींची प्रकाशयोजना तशी आहे. ती उजेडाची पदं आहेत. ती योग्य जागी आली का, एवढंच विचारायचं.

आणि हाच प्रश्न घेऊन 'कागज के फूल'कडे (१९५९) यायचं.

भारतातला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. आधीची चौकट उंचीच्या १.३७ पट रुंद असायची, ही २.३५ पट. चित्रीकरणात खास लेन्स प्रतिमा आडवी दाबते आणि प्रक्षेपणात ती पुन्हा ताणली जाते. छायालेखकाच्या दृष्टीने ही एक आफतच. माणसाचा चेहरा उभा असतो आणि चौकट आडवी. क्लोजअप घेतला तर दोन्ही बाजूंना भलीमोठी रिकामी जागा. लोक ती जागा फर्निचरने, गर्दीने भरायचे. मूर्तींनी ती अंधाराने भरली. कथा एका एकट्या पडत जाणाऱ्या दिग्दर्शकाची, सुरेश सिन्हाची. मग बाजूची रिकामी जागा अडचण राहत नाही, तोच विषय होतो.

आता ती तिरीप. ती केली कशी, हे समजून घेऊ या. कारण तंत्र कळल्याशिवाय तिचा अर्थ कळत नाही.

गुरुदत्तना स्टुडिओच्या अंधारात सूर्यप्रकाशाची तिरीप हवी होती. एखाद्याला वाटेल, मोठा दिवा वर चढवायचा आणि मारायचा खाली. पण स्टुडिओच्या दिव्याचा झोत शंकूसारखा असतो, दिव्यापाशी अरुंद आणि खाली येता येता पसरत जाणारा. ते बघताक्षणी कळतं की हा दिवा आहे. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात, म्हणून छपराच्या फटीतून आलेली तिरीप वर जेवढी रुंद तेवढीच खाली. हे दिव्याने साधत नाही. मूर्तींनी उपाय काढला तो आरशांचा. एक मोठा आरसा बाहेर उन्हात, त्याने ऊन पकडून दुसऱ्या आरशावर टाकायचं आणि दुसऱ्याने ते आत स्टुडिओत सोडायचं. खराच सूर्य आत आणला! शिवाय उजेडाचा झोत स्वतः कधी दिसत नाही, हवेत धूर किंवा धूळ असेल तरच दिसतो. आणि सूर्य काही कुणाच्या शूटिंगसाठी थांबत नाही, तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे आरसा एकदा लावून भागत नाही, तो सारखा जुळवत राहावा लागतो. पडद्यावर जे स्थिर, अढळ दिसतं, त्यामागे उन्हात कुणीतरी आरसा धरून उभं राहिल्याशिवाय हे होत नाही.

(दृश्य आवाज बंद करून दाखवण्यात आलं.)

आवाज मुद्दाम बंद ठेवला. गाणं असलं की आपण ऐकतो, बघत नाही. आता काय दिसलं? दोन माणसं लांब उभी आहेत. मग त्यांच्या देहातून त्यांच्याच धूसर प्रतिमा बाहेर पडतात, तिरिपेच्या दिशेने जातात, तिथे एकत्र येतात. देह मात्र जागच्या जागी. जे आयुष्यात होणार नाही ते त्या प्रकाशाच्या पट्ट्यात होऊन जातं. संवाद नाही, स्पर्श नाही. तिरीप ही त्या दोघांना मिळालेली एकमेव खोली आहे, तीही भिंती नसलेली.

हे सुंदर आहे, यात वाद नाही. पण समीक्षा करायची तर इथे थांबून चालत नाही. आमची एक तक्रार आहे, ती मांडतो. या सिनेमात सुरेश सिन्हाच्या दुःखावर फार प्रेमाने प्रकाश टाकला आहे. तो जिन्यावर आहे, प्रकाश देखणा. तो एकटा चालतोय, प्रकाश देखणा. तो दारूत बुडतोय, तरीही चौकट देखणीच. दुःख इतकं देखणं झालं की ते भोगणाऱ्याला स्वतःचीच कीव येऊ लागते आणि पाहणाऱ्यालाही ती कीव गोड लागते. त्याच सिनेमात त्याची बायको आहे, लहान मुलगी आहे. त्यांच्यावर काय बेतलं असेल? त्यांच्या वाट्याला तिरीप नाही. सिनेमाचा सगळा सूर्य एका माणसाच्या मालकीचा झाला आहे.

याचा दोष मूर्तींचा की गुरुदत्तचा? इथेच आमचा सुरुवातीचा मुद्दा उलटा आमच्यावर येतो. श्रेय अर्धं मागायचं, तर दोषही अर्धा घ्यावा लागतो. छायालेखक हा नुसता हुकमाचा ताबेदार नव्हता असं म्हणणार असू, तर ही स्वतःवरची माया देखणी करण्यात त्याचा हात होता हेही म्हणावं लागेल.

मात्र एक गोष्ट सिनेमाच्या बाजूने सांगायला हवी. शेवटी म्हातारा सिन्हा रिकाम्या स्टुडिओत दिग्दर्शकाच्या खुर्चीत मरतो. सकाळी कामगार येतात, प्रेत सापडतं आणि तरी शूटिंग सुरू करायची घाई असते. म्हणजे ज्या जागी ती दैवी तिरीप उतरली होती, तिथेच आता धंद्याचे दिवे पेटणार. प्रकाश कुणाचाच नाही, भाड्याचा आहे, हे या शेवटाला ठाऊक आहे. सिनेमा चालला नाही. गुरुदत्तनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून कधीही नाव लावलं नाही. मूर्तींना मात्र छायालेखनाचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं.

आणि मग १९६२चा 'साहिब बीबी और गुलाम'. आमच्या मते मूर्तींचं सर्वश्रेष्ठ काम हे. तिरिपेइतकं प्रसिद्ध नाही, पण अधिक पिकलेलं.

हा सिनेमा बिमल मित्र यांच्या कादंबरीवरचा. श्रेयनामावलीत दिग्दर्शक अबरार अल्वी. साठ वर्षं वाद चाललाय, खरा दिग्दर्शक अल्वी की गुरुदत्त? गाण्यांचं चित्रण गुरुदत्तनी केलं, हे तर मान्यच आहे. बाकीच्यावर लेख लिहिले जातात, भांडणं होतात. गंमत बघा, या भांडणात 'हा तर गुरुदत्तचाच सिनेमा वाटतो' याचा पुरावा म्हणून लोक काय दाखवतात? सावल्या दाखवतात, हवेलीचा अंधार दाखवतात, चेहऱ्यावरचा उजेड दाखवतात. अहो, मग ही शैली ज्याच्या हातची, तो माणूस दोन्ही पक्षांना दिसत कसा नाही? 'प्यासा'पासून इथपर्यंत सलग राहिलेल्यांत तो आहेच की.

छोटी बहूचा पहिला प्रवेश आठवा. भूतनाथ खाली मान घालून खोलीत येतो. आपल्याला दिसतं ते त्याला दिसतं तेवढंच : गालिचा, मग तिची पावलं. आवाज ऐकू येतो, चेहरा नाही. मग तो मान वर करतो आणि मीनाकुमारीचा चेहरा येतो. थांबवून ठेवलेला, म्हणून इतका उजळ वाटणारा. इथे प्रकाश तिची कीव करत नाही, तिला मान देतो. पुढे ती नवऱ्याला धरून ठेवण्यासाठी दारू पिऊ लागते. कॅमेरा जवळ जातो, पण 'कागज के फूल'सारखी तिच्या दुःखाची आरती ओवाळत नाही. हवेलीतला अंधार तिच्याभोवती नुसता जमत जातो. उलट जबाचं घर, म्हणजे वहिदा रेहमानचं, ते मोकळ्या उजेडातलं. दोन घरं, दोन काळ. जमीनदारीचा मावळता आणि नव्या शिकलेल्या घरांचा उगवता. हे कुणी भाषण करून सांगत नाही, एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की डोळ्यांना कळतं.

आता तो तिसरा प्रश्न, वगळण्याचा.

('साहिब बीबी और गुलाम'मधला मुजऱ्याचा प्रसंग दाखवण्यात आला.)

मैफल भरली आहे, आवाज आशा भोसले यांचा, मधोमध मिनू मुमताज नाचते आहे, तिच्यावर उजेड. तिच्याभोवतीच्या नर्तकी बघा. त्या हलतात, गिरक्या घेतात, पण त्यांचे चेहरे सावलीत आहेत. एकदाही उजेडात येत नाहीत. यामागची गोष्ट मूर्तींच्या नावाने सांगितली जाते ती अशी, की साथीच्या नर्तकी गुरुदत्तना दिसायला साजेशा वाटेनात, तेव्हा त्यांना अंधारातच ठेवायची तोड निघाली. ठेवणंही सोपं नव्हे बरं का. नाचणारी बाई हलती असते. तिची पावलं कुठे पडतील आणि उजेडाची कड कुठे संपेल याचा हिशेब बोटभर चुकला की चेहरा उजळणार.

हा प्रसंग आम्हाला दोन कारणांसाठी अस्वस्थ करतो. एक, पडद्यावर त्याचा अर्थ भेदक होतो. जमीनदाराच्या मैफलीत विकत घेतलेलं एकच शरीर दिसतं, बाकीच्या बायका म्हणजे नुसती वळवळणारी सावली. हवेलीची सगळी नीती त्या एका प्रकाशयोजनेत आली. आणि दोन, हा अर्थ ज्या कारणातून जन्मला ते कारण तितकंच निष्ठुर होतं. सिनेमाच्या धंद्यानेही त्या बायकांना तसंच वागवलं. कला कधी कधी ज्या पापावर बोट ठेवते, त्याच पापातून उभी राहते. हे लपवून त्या दृश्याचं नुसतं कौतुक करणं आम्हाला बरोबर वाटत नाही. कौतुक करू नये असंही नाही. दोन्ही एकदम हातात धरता आलं पाहिजे.

एक चिठ्ठी आली आहे, वाचतो. "गुरुदत्त गेल्यानंतर मूर्तींनी असं काही केलं नाही. मग श्रेय गुरुदत्तचंच, असं का म्हणू नये?" चांगला प्रश्न आहे. टाळणार नाही.

गुरुदत्त १० ऑक्टोबर १९६४ला गेले, वय ३९. मूर्तींनी पुढे 'जिद्दी', 'लव्ह इन टोकिओ', 'सूरज', 'जुगनू' असे रंगीत, धंदेवाईक सिनेमे केले. सफाईदार आहेत, पण 'प्यासा' नाहीत, हे खरंच. आमचं उत्तर दोन भागांत. पहिला भाग : रंग आला की सावलीची किंमत घसरली. रंगीत सिनेमाला निर्मात्याने पैसे मोजलेत ते रंग दिसावेत म्हणून. अर्धा पडदा काळा ठेवायला कोण परवानगी देणार? दुसरा भाग : होय, मूर्तींना गुरुदत्त लागत होते. पण उलटही बघा. जोडकामात 'कुणाशिवाय कोण शून्य' हा प्रश्नच चुकीचा. तबला आणि सतार यांची जुगलबंदी संपल्यावर आपण विचारत नाही, की तबलजी एकटा असता तर काय केलं असतं.

आणि मूर्तींचं पुढचं काम फक्त त्यांच्या सिनेमांत शोधायचं नाही. गोविंद निहलानी बंगलोरच्या त्याच संस्थेतून शिकून आले आणि मूर्तींचे सहायक राहिले. त्याच निहलानींनी १९७१ला सत्यदेव दुबेंचा 'शांतता! कोर्ट चालू आहे' चित्रित केला, आपल्या तेंडुलकरांच्या नाटकावरचा मराठी चित्रपट. मग श्याम बेनेगलांचा 'अंकुर'. मग स्वतः दिग्दर्शक म्हणून 'आक्रोश', पुन्हा तेंडुलकरांची पटकथा. 'आक्रोश'मधला लहान्या भिकू आठवा. जवळजवळ पूर्ण सिनेमाभर न बोलणारा आदिवासी माणूस. न बोलणाऱ्या माणसाचं काय चाललंय हे प्रकाशाने सांगायचं, ही विद्या कुठून आली असेल? आणि १९८८ला दूरदर्शनवर 'तमस' आला तेव्हा छायालेखनात निहलानींच्या जोडीला त्यांचे गुरू मूर्ती होते, वयाच्या चौसष्टीत. बेनेगलांच्या 'भारत एक खोज'लाही तेच. फाळणीच्या त्या रात्रींत देखणेपणा उरलेला नाही. 'कागज के फूल'बद्दल आम्ही जी तक्रार केली, तिला मूर्तींचं उत्तर आम्हाला 'तमस'मध्ये सापडतं.

२०१०च्या जानेवारीत जाहीर झालं, की २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना. वय ८६. १९६९पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचे ते पहिले छायालेखक मानकरी. फाळके स्वतः मुळात छायाचित्रकार, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार एका कॅमेरावाल्याकडे पोचायला चार दशकं लागली. ७ एप्रिल २०१४ला मूर्ती बंगळूरला गेले. तेव्हाच्या बातम्यांतही त्यांची ओळख 'गुरुदत्तचे छायालेखक' अशीच होती. कुणी 'मूर्तींचे दिग्दर्शक गुरुदत्त' असं लिहिलं नाही, आणि लिहावं असं आमचंही म्हणणं नाही.

आमचं म्हणणं एवढंच. प्रकाश कुणाला मिळतो आणि कोण अंधारात राहतं, हे या माणसाने आयुष्यभर पडद्यावर ठरवलं. पडद्याबाहेर तेच त्याच्या वाट्याला आलं, आणि बाहेर उन्हात आरसा धरणाऱ्याच्या वाट्याला तर त्याहून जास्त. बघणाऱ्याने यात काय करायचं? फार काही नाही. घरी गेल्यावर यातलं एक गाणं, कोणतंही, आवाज बंद करून बघा. तीन प्रश्न विचारा. उजेड कुठून येतोय, कुणावर पडतोय, कुणाला वगळतोय. मग आवाज सुरू करा. आणि पुढच्या वेळी मित्राला ते गाणं दाखवताना गीता दत्त, बर्मन, कैफी यांच्यानंतर एक नाव जास्तीचं घ्या.

आता दिवे लावा. काही प्रश्न असतील तर चहा घेता घेता बोलू.